मदत हवी आहे : पवनचक्क्या दिसायला ढग किती उंच हवेत?

चिकलठाणा ते लातूर, बीडवरून, व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघत उडण्याचे नियम) मार्ग आखतोय. वाटेत बालाघाटावर पवनचक्क्या आहेत. चिकलठाण्याचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) बीकेएन ०२० दाखवतो, म्हणजे आकाशाचा बराचसा भाग झाकणारे ढग २,००० फुटांवर. पवनचक्की ५०० फुटांची धरली तर वर १,५०० फूट मोकळे मिळतील ना?

प्रतिसाद १

नाही मिळणार. मेटारमधले २,००० फूट विमानतळापासून मोजलेले असतात, पवनचक्कीचे ५०० फूट डोंगरमाथ्यापासून. दोन्ही आधी समुद्रसपाटीवर आणा. चिकलठाणा साधारण १,९०० फुटांवर, म्हणजे ढगाचा तळ ३,९००. माथा २,३०० धरू (नेमका आकडा चार्टवरून घ्या), पात्याचं टोक २,८००. मधे उरले फक्त १,१०० फूट.

आता उलटं मोजा. टोकाच्या वर निदान ५०० फूट, म्हणजे तुम्ही ३,३०० वर. ढगाखाली १,००० फूट राखायचे, म्हणजे तळ ४,३०० वर हवा. त्यातून १,९०० वजा केले की २,४००. मेटारमध्ये बीकेएन ०२४ पेक्षा कमी असेल तर हा मार्ग सोडा.

सीलिंग (आकाशाचा बराचसा भाग झाकणाऱ्या ढगाचा तळ) १,५०० फूट आणि दृश्यमानता ५ किमी ही अट कंट्रोल झोनमध्ये (विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात) उतरण्या-उडण्यापुरती आहे, डोंगरासाठी नाही. वस्तीबाहेर जमिनीपासून किमान ५०० फूट हा नियमही इथे पुरत नाही, तेवढ्या उंचीवर पातंच फिरत असतं!

मूळ प्रश्नकर्ता

धन्यवाद सर. बीडकडचा तळ तापमान वजा दवबिंदू गुणिले ४०० असा काढला तर?

प्रतिसाद २

दुपारच्या कापसासारख्या क्युम्युलसला चालेल. ३१ आणि २५ अंश असतील तर ६ × ४०० = २,४०० फूट, तेही जिथे तापमान मोजलं तिथल्या जमिनीपासून. पावसाळी सकाळच्या स्ट्रॅटसला (सपाट थरासारख्या ढगाला) हे सूत्र लावू नका, तो ढग जमिनीवरची हवा तापून वर गेल्याने बनत नाही. शिवाय दमट वारा डोंगर चढतो तिथे तळ आणखी खाली येतो. विमानतळावरचा एससीटी (विखुरलेले ढग) माथ्यावर बीकेएन होऊ शकतो, म्हणून तोही सीलिंगच समजून हिशेब करा.

क्यूएनएच (उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरमध्ये लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब) ताजा लावा. ५ हेक्टोपास्कल जास्त राहिला तर विमान अल्टिमीटरपेक्षा सुमारे १४० फूट खाली असतं. आणि ९० नॉटला ५ किमी पावणेदोन मिनिटांत संपतात. पांढरा खांब पांढुरक्या ढगापुढे त्याहून बराच उशिरा दिसतो, मोबाईल टॉवरची जाळी तर आणखी उशिरा. ताणाच्या तारांवर उभा मास्ट (उंच बारीक खांब) असेल तर बाजूने खेटून जाऊ नका, तारा लांबवर पसरलेल्या असतात.