हॅलोजनांच्या गणात हायड्रोजन?

आवर्तसारणीत हायड्रोजन पहिल्या गणातून (उभ्या स्तंभातून) उचलून हॅलोजनांच्या, म्हणजे क्लोरीनसारख्या मूलद्रव्यांच्या, वर ठेवावा, अशी एक सूचना केली जाते आणि ती निराधार नाही. त्याची आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) मोलमागे १३१२ किलोजूल, म्हणजे पहिल्या गणातल्या सोडियमच्या ४९६ पेक्षा क्लोरीनच्या १२५१ ला कितीतरी जवळची आहे. शिवाय वितळलेल्या लिथियम हायड्राइडचे विद्युत अपघटन केले, तर हायड्रोजन क्लोरीनप्रमाणेच धनाग्रावर निघतो. मात्र इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीन मोलमागे ३४९ किलोजूल ऊर्जा बाहेर टाकतो आणि हायड्रोजन जेमतेम ७३. शिवाय क्लोराइड आयन पाण्यात खुशाल राहतो, तर हायड्राइडची (इलेक्ट्रॉन स्वीकारलेल्या हायड्रोजनची) पाण्याशी गाठ पडताच हायड्रोजन वायू सुटतो. पहिल्या गणातले स्थान बाह्यतम कक्षेतल्या एकमेव इलेक्ट्रॉनमुळे मिळाले आहे, आणि ते मला मान्य आहे. फक्त त्यावरून हायड्रोजनला सोडियमसारखा अल्क धातू म्हणू नये.