नायट्रो इंजिनाची मॉडेल बोट: स्टँडवर चालते, पाण्यात बंद पडते – सल्ला हवा

प्रश्न (मुलुंड)

नमस्कार. 3.5 सीसी नायट्रो इंजिन (नायट्रोमिथेन मिसळलेल्या मिथेनॉलवर चालणारे) असलेली, डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाच्या) बांध्याची रेडिओ कंट्रोल बोट मी अलीकडेच एका परिचितांकडून घेतली. इंजिन पाण्याने थंड होणारे आहे आणि फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) पट्टा टाकून 12 व्होल्टच्या स्टार्टरने ते सुरू करावे लागते. इमारतीच्या गच्चीवर स्टँडवर ठेवून सुरू केले असता ते धरते, पण ग्लो प्लगवरचा (तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या प्लगवरचा) इग्नायटर (तार तापवणारी बॅटरी) काढला की पुष्कळदा लगेच बंद पडते. मुख्य नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) आत फिरवत नेली की आवाज मोकळा होतो आणि इंजिन उत्तम चालते. मात्र त्याच जुळणीवर बोट पाण्यात सोडली, तर पहिली लांब धाव अर्ध्यावर येईपर्यंत ती मंदावते आणि थांबते. सुरुवात कोठून करावी, इंधन कोणते वापरावे आणि मुंबईच्या आसपास बोट चालवायची कोठे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1 (दादर)

आपल्या वर्णनात दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांवर एकाच नीडलने उपाय होणार नाही. इग्नायटर काढताच इंजिन बंद पडणे हा बहुधा प्लगचा किंवा मंद गतीच्या मिश्रणाचा दोष आहे. पाण्यात धाव घेताना मंदावणे हे मुख्य नीडल फार लीन (इंधन कमी, हवा जास्त) झाल्याचे लक्षण आहे.

या इंजिनात ठिणगी नसते. प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तारेला सुरुवातीला दीड व्होल्टची बॅटरी तापवते आणि पुढे मिथेनॉलच्या वाफेशी होणारी उत्प्रेरकी क्रिया व ज्वलनाची उष्णता तिला तापलेली ठेवतात. ही तार थकली असेल किंवा कच्च्या इंधनाने सतत भिजत असेल, तर बॅटरीचा आधार जाताच ती विझते. म्हणून नीडलला हात लावण्यापूर्वी प्लग काढून तो इग्नायटरवर तापवून पाहावा. सर्व वेटोळी भडक नारिंगी झाली पाहिजेत; एखादे वेटोळे काळपट राहत असेल तर प्लग बदलावा. जास्त नायट्रोच्या इंधनाला थंड प्रकारचा प्लग लागतो, पण आपल्यासाठी मध्यम प्रकारचा पुरेसा आहे.

आता मुख्य मुद्दा. स्टँडवर प्रॉपेलर हवेत फिरतो, इंजिनावर भार जवळजवळ नसतो आणि त्यामुळे थोड्या इंधनावरही ते खुशीत चालते. पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर भार आला की त्याच नीडलमधून येणारे इंधन अपुरे पडते, इंजिन तापते आणि मंदावते. इंधनातूनच तेल मिळत असल्याने लीन इंजिनाला वंगणही कमी पडते, आणि पिस्टन, लायनर (सिलिंडरचे अस्तर) व कनेक्टिंग रॉड यांची झीज तेथेच सुरू होते. मुख्य नीडलची जुळणी पाण्यातच करावी, स्टँडवर करू नये, हे माझे ठाम मत आहे. शिवाय रडरजवळच्या नळीतून हेडकडे जाणारे पाणी बोट चालू लागल्यावरच चढते, त्यामुळे स्टँडवर इंजिन अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नये आणि भाराशिवाय थ्रॉटल पूर्ण उघडू तर मुळीच नये.

सुरू करताना क्रम असा ठेवावा. मुख्य नीडल माहितीपत्रकात दिलेल्या फेऱ्यांवर आणून वर आणखी अर्धा फेरा उघडावी. टाकी भरून, पाइपचे (धूर बाहेर सोडणाऱ्या नळीचे) तोंड बोटाने बंद करून, इग्नायटर न लावता फ्लायव्हील हाताने फिरवावे. इंधन नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत सरकताना दिसले की थांबावे. फ्लायव्हील अडखळत असेल तर सिलिंडरमध्ये इंधन साचले आहे असे समजावे. अशा वेळी स्टार्टरची जबरदस्ती केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, भोकावर फडके धरून, स्टार्टरने साचलेले इंधन बाहेर काढावे. सर्व मोकळे असेल तर थ्रॉटल सुमारे पाव उघडून इग्नायटर लावावा आणि पट्ट्याला एक-दोन सेकंदांचा झटका द्यावा. फ्लायव्हीलच्या बाजूने पाहता इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरले पाहिजे. बोट दुसऱ्या माणसाने घट्ट धरावी आणि प्रॉपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कोणाचाही हात येऊ देऊ नये.

पाण्यात सोडल्यावर पहिल्या धावांत बोट जड आवाजात, दाट पांढरा धूर मागे सोडत गेली पाहिजे. मग काठावर आणून मुख्य नीडल एक अष्टमांश फेरा आत घ्यावी आणि पुन्हा लांब धाव घेऊन पाहावी. वेग वाढत गेला, ट्यून्ड पाइप (ठरावीक गतीला ताकद वाढवणारा धुराचा पाइप) लागल्याचा तीव्र सूर आला आणि तरीही मागे धुराची बारीक रेघ दिसत राहिली, की तेथे थांबून नीडल किंचित उघडावी. धूर नाहीसा झाला किंवा सरळ धावेच्या शेवटी सूर उतरू लागला, तर थ्रॉटल कमी करून बोट लगेच परत आणावी. प्रत्येक धावेत हेडमधून बाहेर पडणारी पाण्याची धार दिसते ना, याकडेही लक्ष ठेवावे.

मंद गतीचे मिश्रण यानंतर पाहावे. इंजिन तापलेले असताना मंद चालीवर कार्ब्युरेटरजवळची इंधननळी चिमटीत दाबावी. दोन-तीन सेकंदांनी गती किंचित वाढून इंजिन थांबले तर जुळणी योग्य आहे. तत्काळ थांबले तर लीन आहे. गती बरीच वाढून ते रेंगाळत राहिले तर रिच (इंधन जास्त) आहे. इग्नायटर काढताच बंद पडण्याचे कारण बहुधा येथेच सापडेल.

प्रतिसाद 2 (बोरिवली)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त इंधन आणि हवामान यांविषयी भर घालतो.

सरावासाठी 20 ते 25 टक्के नायट्रोमिथेन आणि किमान 16 ते 18 टक्के तेल असलेले तयार इंधन घ्यावे, व तेलात थोडे एरंडेल असल्यास उत्तम. मिथेनॉल आणून घरी मिश्रण करण्याच्या फंदात कृपया पडू नये. मुंबईच्या मालवणी भागात 2015 साली शंभराहून अधिक माणसे ज्या विषारी दारूने दगावली, त्या दारूतील विष मिथेनॉलच होते. ते त्वचेतूनही शरीरात जाते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. इंधन मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, मूळ डब्यातच ठेवावे आणि लोकलने मुळीच नेऊ नये. ज्वालाग्राही पदार्थ गाडीतून नेण्यास रेल्वे कायद्याने मनाई आहे.

मिथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते आणि आपल्या दमट हवेत अर्धवट उघडा राहिलेला डबा लवकर बिघडतो. जुन्या डब्यातील इंधनावर इंजिन सुरू होत नसेल, तर आधी नवा डबा उघडून पाहावा.

ऋतूनुसार नीडलही बदलते, आणि मुंबईत या बाबीकडे दुर्लक्ष होते असे मला वाटते. जूनच्या उष्ण, दमट हवेत प्राणवायू कमी असल्यामुळे इंजिनाला इंधन कमी लागते आणि आपण नीडल आत घेतो. तीच जुळणी जानेवारीच्या कोरड्या, थंड पहाटे लीन ठरते. हंगाम पालटला की नीडल पाव फेरा उघडूनच पहिली धाव घ्यावी.

पूरक प्रश्न (मुलुंड)

आपणा दोघांचे मनापासून आभार. प्लग तपासला, त्याचे एक वेटोळे तापतच नाही, तेव्हा नवा मागवतो. मात्र बोट वळताना इंजिन क्षणभर अडखळते, तेही नीडलमुळेच असेल का? तसेच हेडचे तापमान मोजून जुळणी करता येईल का?

प्रतिसाद 1 (दादर)

केवळ वळताना अडखळत असेल तर नीडल सोडून टाकी पाहावी. टाकीतील वजनदार टोकाची नळी मोकळी हलते का, टाकीचा मध्य साधारण कार्ब्युरेटरच्या पातळीत आहे का, आणि पाइपपासून टाकीकडे येणारी दाबाची नळी सुटलेली नाही ना, हे तपासावे. सिलिकॉनच्या नळीला सुईएवढे भोक असले तरी हवा खेचली जाते आणि कोणतीही जुळणी टिकत नाही. नळी स्वस्त आहे, सर्व नळ्या एकदाच बदलून टाकाव्यात. स्टार्टरचा पट्टा, जुबली क्लिपा, ओ-रिंगा नागदेवी स्ट्रीटला आणि 12 व्होल्टची बॅटरी लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल.

तापमानावर विसंबू नये. पाणी फिरत असलेल्या हेडचे तापमान आतील ज्वलनाची खरी कल्पना देत नाही. त्यापेक्षा पूर्ण वेगाच्या धावेनंतर इंजिन थांबवून प्लग पाहावा: तार चकचकीत व ओलसर असेल तर मिश्रण सुरक्षित आहे, ती करडी, खरखरीत किंवा वेडीवाकडी झाली असेल तर लीन आहे.

प्रतिसाद 3 (ठाणे)

जागेविषयी सांगतो. शहरातील तलावांवर महापालिकेच्या परवानगीशिवाय इंधनाची बोट उतरवू नये. आवाजाचा त्रास होतो आणि तेलाचा तवंग पाण्यावर राहतो. पवई तलावात तर मगरी आहेत, त्यामुळे बंद पडलेल्या बोटीमागे पाण्यात उतरण्याचा विचारही नको. कर्जत-वांगणीच्या बाजूला एखाद्या शेतमालकाची रीतसर परवानगी घेऊन त्याच्या तळ्यावर जाणे सर्वांत बरे. बंद बोट ओढून आणण्यासाठी दोरीला टेनिसचा चेंडू बांधलेला गळ सोबत न्यावा आणि रिसीव्हरची फेलसेफ (रेडिओचा संदेश तुटल्यावर आपोआप चालणारी सोय) थ्रॉटल बंद होईल अशी लावावी. समुद्रात ही बोट उतरवू नये, कारण खाऱ्या पाण्याने बेअरिंगे लवकर गंजतात.

घरी निघण्यापूर्वी टाकी रिकामी करून उरलेले इंधन इंजिन चालवून संपवावे, कार्ब्युरेटरमध्ये व प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर घालायच्या गंजरोधक तेलाचे) थेंब टाकून फ्लायव्हील फिरवावे, आणि पिस्टन वरच्या टोकाला, जेथे लायनर घट्ट असतो, तेथे न ठेवता खालच्या टोकाला ठेवावा. लवचीक शाफ्ट नळीतून काढून पुसावा आणि पुढच्या खेपेआधी त्यावर मरीन ग्रीस लावावे.