फोटो १ अंश फिरवला की वॉटरमार्क वाचता येत नाही

प्रश्न:
फोटोत डोळ्याला न दिसणारी ओळखीची खूण (वॉटरमार्क) अशी लपवलीय: वाय चॅनेलचे (फक्त उजेड-अंधाराचे) ८×८ पिक्सेलचे ठोकळे, प्रत्येकात पहिल्या ओळीतला चौथा डीसीटी गुणक (ठोकळ्यात एका ठरावीक लहरीचा वाटा किती ते सांगणारा आकडा), त्यात क्यूआयएमने (बिट ० की १ त्यानुसार आकडा ठरलेल्या पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर नेऊन) एक बिट. दोन पायऱ्यांमधलं अंतर, म्हणजे पायरी, २४. एकूण ६४ बिट, त्यातले ३२ ओळखीसाठी ठरलेले. ६४ बिटांना ६४ ठोकळे, म्हणजे ६४×६४ पिक्सेलचा चौकोन; तोच पुन्हा पुन्हा १०२४×१०२४ च्या चित्रभर पसरलाय. जेपेगची प्रत (क्वालिटी) ७० पर्यंत उतरवली तरी सगळं नीट वाचतं. पण डावीकडून ३ पिक्सेल कापले किंवा १ अंश फिरवलं की निम्मे बिट चुकतात. पायरी ४० केली तर आकाशात डाग दिसतात, चुका तेवढ्याच. काय करावं?

उत्तर १:
पायरी २४ च राहू द्या. निम्मे बिट चुकतात म्हणजे वाचन निव्वळ योगायोगावर आलंय; पायरी वाढवूनही चुका तेवढ्याच, म्हणून खूण शाबूत असून तुम्ही भलत्याच जागी वाचताय असं दिसतं. पायरी २४ असेल तर बिट उलटायला गुणक ६ पेक्षा जास्त हलावा लागतो. जेपेग प्रत्येक गुणकाला तक्त्यातल्या भाजकाने भागून पूर्णांक करतं; मानक तक्त्यात जेपेग ७० ला त्या जागेचा भाजक १०, म्हणजे चूक फार तर ५. म्हणून टिकतं. ६० ला भाजक १३, चूक ६.५ पर्यंत, तिथे बिट सुटू लागतील.

कापलेल्या चित्रात चौकोन नेमका कुठून सुरू होतो ते शोधायला ६४×६४ = ४०९६ सुरुवाती तपासा. प्रत्येक वेळी सगळ्या चौकोनांचं बहुमत घ्या आणि ओळखीचे ३२ बिट जुळतात का पाहा. ४०९६ प्रयत्नांत योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक.

उत्तर २:
फिरवण्याला हे पुरत नाही. १ अंशाने मध्यापासून ५१२ पिक्सेलवरचा बिंदू ९ पिक्सेल सरकतो, म्हणजे एक अख्खा ठोकळा. फूरियर वर्णपटात (चित्रातल्या लहरींच्या नकाशात) मध्यापासून मध्यम अंतरावर (त्रिज्येवर) काही ठळक टोकं लपवा. चित्र सरकलं तरी वर्णपटाचं परिमाण (लहरींची ताकद) तेच राहतं, फिरवलं तर टोकं तितक्याच कोनात फिरतात, लहान केलं तर बाहेर सरकतात. चित्र चौरस नसेल तर आधी कडेला शून्यं भरून चौरस करा, नाहीतर कोन चुकतो. इथे चूक सहज होते.

टोकं किती फिरली यावरून कोन काढा, चित्र तितकं उलटं फिरवा आणि मग वाचा; पण मिळालेला कोन जसाच्या तसा वापरू नका. टोकाची त्रिज्या ३०० घरं (वर्णपटातले पिक्सेल) असेल तर एका घराची चूक म्हणजे ०.१९ अंश, चित्राच्या कडेला १.७ पिक्सेल. त्याच्या आसपास ±०.२ अंशात ०.०२ च्या टप्प्याने शोधा. वर्णपट सममित असतो, म्हणून १८० अंश फिरवूनही वाचा.

प्रश्नकर्ता:
आणि आरशासारखं उलटवलं तर?

उत्तर २:
ते वेगळं तपासावं लागतं. दुप्पट वेळ, बाकी काही नाही. खरी अडचण स्टरमार्कसारख्या (वॉटरमार्कची कसोटी घ्यायला चित्र किंचित वेडंवाकडं करणारा प्रोग्रॅम) वाकवण्याची आहे. तिथे प्रत्येक भाग वेगळा सरकतो, एकच कोन लागूच पडत नाही. मग प्रत्येक चौकोनाची जागा शेजाऱ्यापासून १-२ पिक्सेलच्या आत शोधत जायचं. आणि फूरियरमध्ये लपवलेली ही टोकं वर्णपटात उघडी दिसतात, जाणकार ती पुसू शकतो. त्यांच्या जागा गुप्त किल्लीने ठरवल्या तरी ठळकपणा लपत नाही, म्हणून ती वाचता येतील इतपतच ठेवा.