कथास्पर्धेत बोलीचे गुण कापायचे का? परीक्षकांनी बोलावं

खानापूरची ताई
गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात कथास्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. आम्ही तिघं, कथा एकतीस. त्यातली एक अजून डोक्यातून जात नाही. पावसाच्या तोंडावर आज्जी कौलं शाकारायला शिडीवर चढलीय, खाली नातू उभा. तो विचारतो, "आज्जी, काय करूलालीस?" ती फुटकं कौल त्याच्या हातात देते, "ह्यातनं आभाळ बघ."
शेजारच्या परीक्षक सरांनी त्या "करूलालीस"भोवती (म्हणजे आमच्या बोलीतलं "करतेयस") लाल गोल काढला. पुढच्या पानांवर आणखी अकरा गोल. भाषाशुद्धीला २० गुण होते, मिळाले ४. कथा उत्तेजनार्थमध्येसुद्धा आली नाही.
संवादातल्या बोलीला जो चूक म्हणतो, त्याने सीमाभागात परीक्षक होऊच नये.

निवृत्त शिक्षक, टिळकवाडी
ताई, मी तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून राग न मानता ऐका. भाषाशुद्धीचे २० गुण नियमात छापलेले होते ना? बाकीच्या तीस मुलांनी तो नियम पाळून लिहिलं. परीक्षकाने आयत्या वेळी तो सैल केला तर त्यांच्यावर अन्याय होतो. इथली मराठी शाळांतली पोरं पुढं पुण्या-कोल्हापुरात अर्ज लिहितात तेव्हा त्यांचं शुद्धलेखन बघतात, आज्जीचं कौल नाही.

निपाणीकर
सर, आमच्या गावचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. इथल्या कष्टकऱ्यांच्या तोंडची भाषा त्यांनी जशीच्या तशी कागदावर उतरवली. तुमचे २० गुण लावले असते तर ते पहिल्या फेरीतच बाद झाले असते.

निवृत्त शिक्षक, टिळकवाडी
मोरेंचा हात तयार होता. अठरा वर्षांच्या पोराने बोली जाणून वापरली, की दुसरं येत नाही म्हणून, हे मला कागदावरून कसं कळावं?

खानापूरची ताई
निवेदन वाचून कळतं, सर. त्या मुलाच्या निवेदनात एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नव्हता. बोली फक्त अवतरणचिन्हांत होती.

निवृत्त शिक्षक, टिळकवाडी
हे आधी सांगायचं. मग ते गोल काढणं चूकच. नियमाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. "निवेदनाची शुद्धता" असं स्पर्धेआधी छापून घ्या, मग तसं तपासा.

बी.ए. दुसरं वर्ष, बेळगाव
माझी कन्नड मैत्रीण "एन माडाकत्ती?" म्हणते, मी "काय करूलालीस?" म्हणते. दोघींची वाक्यं एकाच गल्लीत वाढलीत. कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी होती, लिहिलं त्यांनी धारवाडी कन्नडात, आणि १९७३ चं ज्ञानपीठ मिळवलं. कन्नडला धारवाडी बोली चालते, मग आपल्याला आपली का चालू नये?
आणखी एक सांगायचंय. दोन वर्षं मी कथा देतेय. प्रमाणपत्र मिळतं, पण कुठं फसलं ते कुणी सांगत नाही. लाल गोलसुद्धा आम्हाला दाखवत नाहीत. दोन ओळी लिहून द्या हो, गुण कमी दिलेत तरी चालतील.

वडगावचा दादा
एकतीस कथा, एक दुपार आणि मानधनात नारळ नि शाल. त्यात प्रत्येकाला दोन ओळी कशा होणार? मी हे काम केलंय. आधी कथा आठ दिवस घरी पाठवा, मग अपेक्षा ठेवा.
आणि ताई, एक विचारतो. तुम्ही तिघांतल्या एक होता. तिथंच का बोलला नाहीत?

खानापूरची ताई
दादा, बोलायला हवं होतं. बेरीज झाली होती, बक्षिसं टेबलावर मांडली होती, पाहुणे खोळंबले होते. मी सही केली. घरी आल्यावर त्या कथेवर दोन पानं लिहिली आणि त्याच्या प्राध्यापकांच्या हाती दिली. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, दुसरी लिहूलालोय."