दाणे म्हणजे दोष नव्हे

'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' या भयपटाच्या फोर-के (जास्त तपशिलाच्या) डिस्कबद्दलची 'फोर-के घेऊनही चित्र खरखरीतच, पैसे वाया' ही तक्रार काही पटली नाही. १९७४ चा हा सिनेमा ३५ मिमीवर नाही, १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर चित्रित झालाय. त्या फिल्मची चौकट ३५ मिमीच्या जेमतेम पाव भागाएवढी, त्यामुळे मोठ्या पडद्यावर दाणे, म्हणजे फिल्मचे मुळातले बारीक कण (ग्रेन), दिसणारच. त्यात फिल्म रिव्हर्सल जातीची, म्हणजे तिच्यावर थेट सुलट चित्रच उमटतं, वेगळी निगेटिव्ह नाहीच. कॅमेऱ्यातून गेलेली रिळं हीच मूळ प्रत. अशा फिल्ममध्ये सावल्या पटकन गडद होतात. अंधारात तपशील दिसत नाही ही तक्रार करताना तेवढं ध्यानात ठेवा.

मी अशी डिस्क तपासतो ती शेवटच्या जेवणाच्या प्रसंगावर. नायिका सॅलीच्या डोळ्याचे अगदी जवळून घेतलेले शॉट्स आहेत ना, तिथे बुबुळाभोवतीच्या लाल शिरा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत, आणि दाणे दर फ्रेमला हलते हवेत. गाल मेणासारखे गुळगुळीत दिसले तर समजा कुणीतरी सफाईच्या नावाखाली तपशीलच पुसलाय. (खरा गुन्हा तो!) आणि हो, डिस्कला शिव्या घालण्याआधी टीव्हीतलं नॉइज रिडक्शन (खरखर पुसणारी सोय) बंद करा, शार्पनेस उतरवा. निम्मी खरखर शार्पनेसचीच असते.