मदत हवी आहे: मराठी माध्यमातल्या मुलाची एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) टेस्ट कोल्हापुरात मराठीतून कुठे होते?

नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय.

माझा मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, मराठी माध्यम, आम्ही कसबा बावड्यात राहतो. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे ना, तर पन्हाळ्याचा वेढा, बाजीप्रभू सगळं असं रंगवून सांगतो की ऐकत बसावं, पण तोच धडा वाच म्हटलं की पालखीचं पाखली होतं, दोन ओळींत घाम फुटतो. लिहिताना ध आणि घ, भ आणि म यात गोंधळ, वेलांटी कुठली ते कळत नाही, जोडाक्षरं तर सोडूनच देतो, स्वराज्य लिहितो 'सवराज'. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत तास संपतो. शाळेत म्हणतात लक्ष नाही, घरी सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलाय. मीपण दोन वर्षं रागवतच होते, एकदा हात उचलला, ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

बालरोगतज्ज्ञांनी आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं, दोन्ही नॉर्मल. मग इथल्या एका खासगी सेंटरला टेस्ट केली. आयक्यू चांगला आला. पण वाचन लेखनाची टेस्ट सगळी इंग्लिशमधून! ज्या पोराला इंग्लिश हा फक्त एक विषय आहे त्याच्यापुढं इंग्लिश उतारा ठेवला आणि तो अडखळला म्हणून रिपोर्टमध्ये लिहिलं डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची एलडी. मराठीची एक ओळ वाचून घेतली नाही हो. विचारलं तर म्हणाले टेस्ट हीच असते. त्याला अडचण आहे हे मला दिसतंय, मी नाकारत नाहीये, पण नेमकं कुठं अडतंय ते या रिपोर्टवरून कसं कळणार आणि शिकवायला सुरुवात तरी कुठून करायची? तेव्हापासून टेस्ट म्हटलं की तो जेवत नाही नीट.

शोधल्यावर कळलं की मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाची टेस्ट केलीय, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्लिशमध्ये, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. म्हणजे आमच्याकडं अजून वेळ आहे. कोल्हापुरात कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही वापरतात का? नसेल तर सांगली, मिरज, पुणे कुठंही न्यायची तयारी आहे, मे महिन्याच्या सुट्टीत.

दुसरं सर्टिफिकेटचं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एलडी येते, आणि २०१८ च्या सरकारी गाइडलाइन्समध्ये तिसरी किंवा ८ वर्षांपासून तपासणी आणि पुढं १४ आणि १८ व्या वर्षी परत तपासणी असं होतं, २०२४ ला त्या गाइडलाइन्स बदलल्या. पुढं दहावीला जादा वेळ मिळायला ते लागणार. सीपीआरला (इथल्या सरकारी दवाखान्यात) कुणी मुलाला नेलंय का? कुठल्या विभागात जायचं, बाहेरचा रिपोर्ट चालतो की तिथं सगळं नव्यानं करतात? नव्यानं असेल तर मी आधी बाहेर दुसरी टेस्ट करू की थेट तिथंच जाऊ, कारण पोराला तीनतीनदा बसवायचं माझ्या जिवावर आलंय.

ज्या ताई-दादांनी यातून मूल नेलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. आणि तोवर घरी मराठी वाचनाचं रोज काय करून घेऊ तेपण सांगा, सध्या मी वाचते आणि तो बोट ठेवून मागं म्हणतो, एवढंच चाललंय.