स्वस्तातला उलटा-सुलटा होणारा लॅपटॉप: खरं सांगा, किती वेळा वळवलात?

सोनचाफा
काल माळा आवरताना जुन्या बॅगेत तो सापडला. अकरा इंची, पडदा पार मागे वळून पाठीला टेकणारा. उघडला तर बिजागरी तश्शीच कुरकुरली आणि एकदम सगळं आठवलं.

घेताना डोक्यात एकच: एकाच्या पैशांत दोन. लॅपटॉप तर आहेच, वर टॅबलेट फुकट. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, त्याचा अर्थ तेव्हा कुणाला कळत होता! वर्षभरात "जागा अपुरी आहे" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की घरातल्यांशी बोलतानाही तोंडात येऊ लागलं. अपडेटसाठी पेन ड्राइव्ह लावून ठेवायचा, रात्री सुरू करायचं, सकाळी बघावं तर तिथंच.

आणि तरी मला तो आवडायचा. कारण टॅबलेट नाही, तंबू. उलटा V करून टेबलावर उभा केला की कीबोर्ड मागे, पडदा पुढे. मी विणकाम शिकले ते त्याच्यासमोर. दोन्ही हात सुयांमध्ये, टाका चुकला की करंगळीने पडद्यावर टिचकी मारून व्हिडिओ मागे घ्यायचा. साध्या लॅपटॉपला हे जमत नाही आणि फोन फार लहान पडतो.

तुमच्याकडे होता का असा? वळवलात किती वेळा? लाजू नका.

खटपट्या
तीन वेळा. एकदा घेताना, एकदा घरी आल्यावर सगळ्यांना दाखवायला, एकदा पुसायला.

झुळूक
वजन!!! कुणीच कसं बोलत नाही? दीड किलो. झोपून वाचायला घेतला, डुलकी लागली, धाडकन नाकावर. शिवाय टॅबलेट करून धरला की बोटांना मागच्या कीज लागत राहतात. त्या बंद असतात हे माहीत असूनही सारखं वाटतं काहीतरी दाबलं गेलं.

खटपट्या
नाक बरं आहे का आता?

झुळूक
नाक बरं आहे, पडद्यावर ओरखडा आहे.

उंटावरचा_शहाणा
सोनचाफाताई, तुमचा "जागा अपुरी" हा आजार नशिबाचा नव्हता, ईएमएमसी नावाच्या स्वस्त स्टोरेज चिपचा होता. स्वस्त मशीनमध्ये एसएसडीऐवजी (म्हणजे वेगवान स्टोरेजऐवजी) ती चिप बोर्डवरच डकवलेली असते, म्हणजे नंतर बदलून मोठी टाकता येत नाही. वेगही मर्यादित: ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल सेकंदाला ४०० एमबी, आणि बारीकसारीक फायली वाचताना ती त्याहून कितीतरी खाली येते. खरी गोची तिथे असते.

जागेचं म्हणाल तर २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नव्या मशीनवर अपडेटसाठीच साधारण ७ जीबी राखून ठेवायला लागले, कारण असे हजारो लॅपटॉप अर्ध्यात अडकत होते. विंडोज ११ तर मुळातच ६४ जीबी मागतं. तुमचा जेमतेम उंबरठ्यावर उभा होता.

सोनचाफा
म्हणजे माझे फोटो निर्दोष! नवऱ्याने दोन वर्षं ऐकवलंय. हा प्रतिसाद त्याला वाचून दाखवणार आहे, मोठ्याने.

वाचनमात्र
नावाप्रमाणे फक्त वाचते, पण आज राहवलं नाही. गणित शिकवते. ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा घेतलेला, "पेन चालतं" असं विचारून. पेन चाललं हो, पण ते रबरी टोकाचं. म्हणजे पडद्याला ते बोटच वाटतं. तळहात टेकला की तोही बोट. समीकरणाच्या मधोमध माझ्या मनगटाच्या रेघा. मुलं विचारायची, मॅडम हे कुठलं चिन्ह?

नंतर शिकले की "ॲक्टिव्ह पेन" (पडद्याला बोटापेक्षा वेगळं कळतं ते) असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि कुठल्या पद्धतीचं तेही बघायचं. एमपीपी, वॅकॉम एईएस, यूएसआय, सगळ्या वेगळ्या, एकाचं पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही. दुसऱ्या मशीनवर योग्य पेन मिळालं आणि अक्षरशः फळा परत मिळाला. फक्त त्यात चार ए वाली (AAAA) बॅटरी लागते. तीन नव्हे, चार.

भुंगा
चार ए? म्हणजे दुकानात जाऊन आआआआ करायचं? हलकं घ्या.

वाचनमात्र
मिळेना तेव्हा तेवढंच बाकी होतं. काही ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या पोटात तसल्याच सहा बारक्या असतात म्हणे. फोडायचं धाडस केलं नाही, तुम्हीही करू नका.

आळशी_कासव
बिजागरी. माझी दीड वर्षात गेली. पडदा वळतो त्या जागी स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत बसवलेले असतात. बिजागरी घट्ट, प्लास्टिक मऊ, आणि मी रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडणार. नट उपटून आला, कोपरा फुगला, मग एक दिवस कटकन. कंपनी म्हणाली हे वॉरंटीत बसत नाही, तुम्ही जोर लावलात. अहो वळवायचाच लॅपटॉप आहे ना तो?

आता जो आहे तो मधोमध धरून उघडतो. तान्ह्या बाळासारखा.

रिकामटेकडा
मला फक्त एवढंच विचारायचंय की माळा आवरायला लोकांना वेळ कसा मिळतो

सोनचाफा
मिळत नाही, काढावा लागतो. आणि आवरला नाहीच, लॅपटॉप घेऊन बसले.

सांजवेळ
माझा सकाळी उघडला तर कीबोर्ड ठप्प. चार्जर काढून लावला, रीस्टार्ट, देवाचं नाव. शेवटी भाचीने शोधलं: माझ्या फोनच्या कव्हरला चुंबकाचं बटण आहे आणि फोन मी लॅपटॉपच्या कडेवर ठेवत होते. आतला सेन्सर चुंबकावर चालतो, त्याला वाटलं पडदा मागे वळलाय, आता कीबोर्डची गरज नाही. फोन उचलला, चालू.

दुसरं, पडदा आपोआप आडवा होत असेल तर विंडोजचं बटण आणि ओ एकत्र दाबा, फिरणं थांबतं. हे कळेपर्यंत मी मान वाकडी करून ईमेल लिहिलेत. बाकी नंतर, बेल वाजतेय.

झुळूक
@सोनचाफा विणलंत काय पण? टोपी का?

सोनचाफा
स्वेटर. बाही राहिली. एकच.

नवखा
बहिणीला कॉलेजसाठी हवाय, असाच. बजेट कमी. घेऊ का नको, एका शब्दात सांगा, घाईत आहे

उंटावरचा_शहाणा
एका शब्दात: बघून.
८ जीबी रॅम, कारण ती बहुतेक वेळा बोर्डवरच असते, वाढवता येत नाही. एसएसडी. यूएसबी-सी वर चार्ज होणारा. आणि आयपीएस जातीचा पडदा. स्वस्तातला टीएन जातीचा पडदा खालून बघितला की रंग उलटे दिसतात, आणि तंबू केल्यावर पडदाच उलटा होतो, म्हणजे समोर बसलेला माणूस नेमका त्या वाईट बाजूने बघतो. सगळ्यांचे चेहरे जुन्या निगेटिव्हसारखे.
क्रोमबुक (विंडोजऐवजी गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) घेणार असाल तर अपडेट कधी संपतात ती तारीख आधी बघा. आता दहा वर्षं मिळतात, पण ती प्लॅटफॉर्म (म्हणजे आतलं मूळ हार्डवेअर) बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. जुना विंडोज १० वाला कुणी गळ्यात मारत असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

नवखा
हा एक शब्द होता?

आळशी_कासव
त्यांच्या मानाने अर्धाच.

खटपट्या
जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाका की. मी टाकलं. हलकं चालतं, शोर्नल++ (Xournal++) या वहीसारख्या ॲपवर पेनने लिहायला मस्त. फक्त पडदा सरळ धरला की चित्र उलटं आणि उलटा धरला की सरळ. दोन रविवार गेले त्यात. म्हणजे माझा वळवल्याचा आकडा तीन नाही, तीनशे.

भुंगा
आमच्या आजीसाठी घेतला होता. कीबोर्ड पालथा टेबलावर, पडदा तिच्याकडे, असा उभा. दाबायला काही उरतच नाही, म्हणून घाबरायचंही कारण नाही. हिरव्या गोलावर बोट ठेवलं की आम्ही दिसतो, एवढंच तिचं शिक्षण. वेग, रॅम, कशाबद्दल एक तक्रार नाही. आजी गेली, लॅपटॉप माझ्याकडे आला. पडद्यावर त्या एका जागी बोटाचा डाग होता, मी बरेच दिवस पुसला नाही.

झुळूक
भुंगा 🙏

वाचनमात्र
🙏

सोनचाफा
भुंगा, काय लिहू सुचत नाही.
माझा तो माळ्यावरचा चार्जिंगला लावला होता. पाऊण तासाने जिवंत झाला, ४६ अपडेट्स बाकी म्हणतोय, त्याच्याकडे मी बघणार नाही. पण डेस्कटॉपवर स्वेटरच्या नमुन्याची फाईल तशीच आहे. झुळूक, हवी का? सध्या तंबू करून ठेवलाय, लोकर शोधतेय.

रिकामटेकडा
आणि माळा?